मागची भिंत

जव्हारच्या स्टँडसमोरून दाभोशाकडे जाणारी जीप भरत आली, तेव्हा रविना बेकरीतून धावत निघाली. काखेत गुंडाळलेली गोधडी, तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि डोक्यावर एक काडी मोडलेली छत्री. ऑगस्ट अर्धा सरला होता. पाऊस असा लागून राहिला होता की छत्री उघडली काय नि मिटली काय, सारखंच. मधल्या सीटवर कशीबशी जागा होती. ती बसली, गोधडी मांडीवर घेतली आणि शेजारच्याला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून घेतलं.

शेजारी एक तरुण होता. निळा रेनकोट, चिखलानं भरलेले बूट, पोटाशी धरलेली बॅग. जीप वळणाला लागली तसं त्यानं हळूच नाक वर केलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिच्याकडे बघून जरा चाचरत म्हणाला,

“एक विचारू? तुमच्याकडे टोस्ट आहेत का?”

“नाहीत.”

“मग हा वास...”

“गोधडीचा आहे.”

तो बघतच राहिला. रविनाला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच ठेवलं. ती बेकरीत पुड्या भरायचं काम करायची. घरात काही म्हणजे काही वाळत नव्हतं, म्हणून टोस्टचा घाणा निघाला की मालकांना विचारून ती भट्टीच्या माथ्यावर गोधडी टाकायची. एक दिवस आईची, एक दिवस तिची स्वतःची. हे सगळं तिनं त्याला थोडक्यात सांगितलं.

तो गंभीरपणे ऐकत होता. मग म्हणाला, “अशी गोधडी पांघरल्यावर झोप लागते... की भूक?”

आता मात्र तिला बाहेर बघावं लागलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं धुकं. तरी ती फाटा येईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

फाट्यावर ती उतरली आणि मागोमाग तोही उतरला. ती वसाहतीची चढण चढू लागली, तोही चढू लागला. शेवटी तीच थांबली आणि कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, कुणाकडे असं नाही, घरं बघायचीत. तो घरकुलाच्या कामावरचा नवा इंजिनीअर होता, कंत्राटी. नाव रोहिदास. राहायला मोखाड्याला.

वसाहत म्हणजे डोंगराच्या उताराला टेकवलेल्या घरांच्या दोन रांगा. एकाची भिंत दुसऱ्याला लागलेली, पुढे हातभर ओटा. यातलं वरच्या रांगेतलं एक घर रविनाच्या आईचं, येसूचं. त्याआधी त्यांना कारवीच्या कुडाची झोपडी होती, तीही दुसऱ्याच्या जमिनीवर. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. रविनाचा बाप भट्टीवरच तापानं गेला. घर मिळालं त्या दिवशी येसू रिकाम्या फरशीवर आडवी झाली होती आणि बराच वेळ उठली नव्हती. त्यानंतर ती भट्टीवर गेली नाही. रविना बारावी झाली, बेकरीत लागली.

पण पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत पाझरू लागली. आधी कोपऱ्यात काळे ठिपके आले, मग गिलाव्याचे पोपडे निघाले, मग भिंतीला टेकवलेली कणगी खालून कुजली. यंदा तर येसूला खोकला लागला तो जाईना. शेजारची रामी कंटाळून घराला कुलूप लावून बहिणीकडे वसईला निघून गेली होती.

रोहिदासला खरं तर पुढच्या भिंती बघायला पाठवलं होतं. दाभोशाचा धबधबा बघायला गाड्या येऊ लागल्या होत्या. वसाहतीच्या वरच्या अंगाला त्यासाठी फरसबंदीचा वाहनतळ झाला होता, कठडा झाला होता, फोटो काढायला रंगीत अक्षरं उभी केली होती. सप्टेंबरअखेर पर्यटन महोत्सव ठरला होता, आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या घरांच्या भिंती रंगवून त्यांवर चित्रं काढायची होती. रविनानं त्याला घरात नेऊन मागची भिंत दाखवली. त्यानं तळवा टेकवला. तो ओला झाला.

तो म्हणाला, घर बंद असलं की असं होतं. चुलीची वाफ, ओले कपडे, माणसांचा श्वास... हे सगळं भिंतीवर बसतं. खिडकी उघडी ठेवत जा, स्वयंपाक बाहेर करत जा. तो शिकलेलंच बोलत होता आणि चांगल्या मनानं बोलत होता. रविनानं पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे आमच्या श्वासानं भिंत कुजली?” ती म्हणाली. “साहेब, तुम्ही एक पावसाळा इथं राहून बघा. रामीचं घर रिकामंच आहे.”

ती रागात बोलली होती. तो ओशाळं हसला आणि खाली उतरून गेला. झालं, संपलं, असं तिला वाटलं. पण पुढच्या शनिवारी ती कामावरून आली तर रामीच्या ओट्यावर निळा रेनकोट वाळत घातलेला होता. म्हणजे टांगलेला होता, वाळणार कुठून? मोखाड्याहून रोजची येरझार त्यालाही जड जात होती. खोली हवीच होती, असं त्यानं येसूला सांगितलं. रामीनं फोनवरून होकार दिला, शेजारच्या घरात ठेवलेली किल्ली त्याला मिळाली.  रविना आत गेली आणि उगाचच भांडी जोरात लावू लागली.

दोन घरांच्या मधली भिंत एकेरी विटेची. त्याला तिचं गुणगुणणं ऐकू जायचं, तिला त्याचं शिंकणं. पहिल्या आठवड्यात त्यानं स्वतःचाच सल्ला पाळला. खिडकी उघडी ठेवली, आणि पाऊस सरळ अंथरुणात आला. सकाळी तो गादी खांद्यावर घेऊन ओट्यावर उभा होता.

“साहेब, हवा खेळली का?” रविनानं विचारलं.

“हवा खेळली... मी हरलो.”

दोघंही हसली. त्या दिवशी बेकरीच्या भट्टीवर एक गादी जास्तीची चढली.

त्याचं ऑफिस जव्हारलाच, मग सकाळची जीप एक झाली. तो दुपारी बेकरीत खारी घ्यायला येऊ लागला. एवढी खारी हा एकटा खातो का, असं मालकांनी एकदा विचारलंही. ती ताज्या घाण्यातली न मोडलेली खारी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागली, आणि हे आपल्याकडून आपोआप होतंय हे एके दिवशी एकदम तिच्या लक्षात आलं. तेव्हा तिनं मुद्दाम मोडकी खारी दिली. तो तीही आनंदानं घेऊन गेला. परतीच्या जीपमध्ये पावसाचं पाणी पडद्यातून आत यायचं, तेव्हा तो न बोलता खिडकीच्या बाजूला सरकून बसायचा. अंगावर पाणी घ्यायचा आणि वर सांगायचा, मला बाहेरचं बघायला आवडतं. बाहेर धुकं असायचं.

त्याच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टावर काळे ठिपके आले. चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढली. आणि सप्टेंबर लागला तसा त्याला ताप भरला. दिवस वर आला तरी दार उघडलं नाही, तेव्हा येसूनं जाऊन पाहिलं आणि घरी येऊन नागलीची पेज केली. वाडगं घेऊन ती त्याच्या दाराशी थांबली. मोखाड्याच्या शेतीवाडीवाल्या घरचा मुलगा. बाप गुरुजी. अशा घरांत आपल्या हातचं पाणी चालत नसे, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं होतं.

“पोऱ्या, आमचे घरची पेज चालंल ना तुला?”

तो उठून बसला, वाडगं दोन्ही हातांत धरलं, सगळी पेज प्याला आणि आणखी आहे का विचारलं. मागे दारात उभ्या असलेल्या रविनानं ते पाहिलं. तिच्या छातीत काहीतरी हललं आणि मग जागेवर गेलंच नाही.

ताप उतरल्यावरच्या रविवारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. दोघंही आपापल्या घरात भिंतीकडे बघत बसलेली. आणि पाऊस उघडल्यावर, जरा वेळानं, भिंत आणखी ओली झाली. श्वासानं असं होत नसतं, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो छत्री घेऊन बाहेर पडला, तीही पडली. घरांच्या मागून, करवंदीच्या जाळीतून वाट काढत ते वर चढले. वाहनतळावरचं सगळं पाणी एका पाइपात जात होतं आणि पाइपाचं तोंड त्यांच्याच रांगेच्या वर, गवतात उघडं सोडलेलं होतं. पाणी ओहोळाकडे जात नव्हतं. तिथंच खळग्यात साचून जमिनीत जिरत होतं. त्याच्याखाली जुनं झऱ्याचं पाणीही उतारानं येत असणार. घरं बांधताना मागं चर काढायला हवा होता, तो कुणी काढलाच नव्हता.

“सापडलं...” ती म्हणाली. पुन्हा सर आली होती. छत्री एकच होती, तिचा खांदा त्याच्या दंडाला टेकला होता आणि तिला तो काढून घ्यावासा वाटत नव्हता. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो पाइपाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीपची वाट बघताना त्यानं कारण सांगितलं. वाहनतळाचं काम त्याच्याच साहेबांनी पास केलं होतं. महोत्सव तोंडावर आला होता आणि त्याचं कंत्राट ऑक्टोबरात संपत होतं. ते वाढवणं साहेबांच्याच हातात. त्यानं इतकंच म्हटलं, महोत्सव होऊ दे, मग सांगतो.

“तोवर आईनं खोकायचं?”

तो बुटावरचा चिखल दगडाला घासू लागला.  जीप आली तेव्हा ती पुढच्या सीटवर बसली, आणि त्या दिवसापासून ती त्याच्या आधीच्या जीपनं जाऊ लागली. बेकरीत तो यायचा तेव्हा ती आत भट्टीकडे जायची. सकाळी ओट्यावर दोघं समोरासमोर आलीच तर ती “बरं” एवढंच म्हणायची. त्यानं काही विचारलेलं नसलं तरी.

भिंतीपलीकडचं गुणगुणणं थांबलं. त्याऐवजी रोहिदासला डबे एकात एक घालण्याचे, पेटी ओढण्याचे आवाज ऐकू येऊ लागले. त्यानं येसूला विचारलं. तिनं सांगितलं, रविनाच्या मावशीकडं वसईला जायचं ठरलंय. पोरीनंच ठरवलंय. मावशीकडं जागा नाय, पण कोरडं हाय. हे सांगताना येसू ओट्याच्या कडेवरून हात फिरवत होती. तिला जायचं नव्हतं हे न सांगताही दिसत होतं.

त्याच आठवड्यात रंगारी येऊन गेले. पुढच्या भिंती फिकट पिवळ्या झाल्या, त्यांवर पांढऱ्या रेषांत झाडं, मोर, तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्या भोवती नाचणारी गोल रांग. खरंच सुंदर दिसत होतं. शुक्रवारी साहेब गाडी घेऊन पाहायला आले. खूश झाले. सगळे ओट्यांवर येऊन उभे होते. काही अडचण आहे का, असं साहेबांनी जाता जाता विचारलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

“आहे, साहेब,” रोहिदास म्हणाला.

रविना दारातच होती, हातात बांधायची दोरी घेऊन.

“वरच्या वाहनतळाचं पाणी यांच्या घरांत येतंय. पाइप चुकीच्या जागी सोडलाय आणि मागं चर नाही. मी यांना खिडक्या उघडा म्हणून सांगितलं होतं. ते माझं चुकलं.” त्यानं रामीच्या दाराकडे हात केला. “महिना झाला, मी इथंच राहतो. या, बघा.”

साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा रुमालानं हात पुसत होते. हे ऑफिसात सांगता आलं असतं, असं ते हळू आवाजात म्हणाले. त्यावर रोहिदासनं सांगितलं, सांगायलाच हवं होतं, पण धीर झाला नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वर चढून पाइप पाहिला, बूट चिखलानं भरवून घेतले आणि फारसं न बोलता गाडीत बसले.

महोत्सव झाला, गाड्या आल्या आणि गेल्या. मग एक यंत्र आलं आणि पाइप ओहोळाकडे वळवून गेलं. चर मात्र वसाहतीतल्या माणसांनी खणला, त्यांत रोहिदासही एक. त्याला खणायची सवय नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले. रविना सगळ्यांना पाणी देत त्याच्यापाशी आली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्यासमोर थांबली होती.

“हात दाखवा.”

“काही नाही झालेलं...”

“दाखवा म्हटलं ना.”

त्यानं दाखवले. ती आत जाऊन खोबरेल घेऊन आली आणि चराच्या कडेला बसून एकेक फोडाला अलगद बोट लावू लागली. खणणारे सगळे अचानक फार मन लावून खणू लागले. त्याला दुखत होतं, पण त्यानं हात मागे घेतला नाही, आणि तिनंही तेल संपल्यावर लगेच सोडला नाही. बांधलेली पेटी त्या संध्याकाळी येसूनं आपणहून सोडली.

कंत्राट वाढलं, पण त्याला खालच्या तालुक्यात पाठवलं. साहेबांनी तेवढा राग काढला, किंवा राग नसेलही. नोव्हेंबरात तो गेला. जाताना फारसं बोलणं झालं नाही. जीप लवकर आली. रविनाला वाटलं, आता हळूहळू फोन कमी होतील. पण फोन यायचा, आणि रविवारी तो स्वतः यायचा. दिवसभर येसूच्या ओट्यावर बसायचा, भिंत कुठवर वाळली ते बघायचा, शेवटच्या जीपनं जायचा. भिंत वरून खाली वाळत होती, रोज जराशी. येसूचा खोकला कमी झाला.

त्यानं आपल्या घरी सांगून टाकलं होतं. वडील, भिका गुरुजी, ऐकून शेतावर निघून गेले. आई, पुष्पलताबाई, म्हणाली, “त्यांच्यात... आपण...” आणि पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. बरेच दिवस ती त्याच्याशी मोजकंच बोलत होती. हे सगळं त्यानं रविनापासून लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यांना वेळ लागंल. आईलाही लागला होता, तुम्हाला पेज देताना.”

जानेवारीतल्या एका रविवारी जीपमधून तो उतरला आणि मागून पुष्पलताबाई उतरल्या. येसूची धांदल उडाली. तिनं चटई झटकली, पुन्हा झटकली, आणि कोरा चहा केला. पुष्पलताबाईंनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.  चहावरची वाफ विरली. मग त्यांनी येसूकडे पाहिलं, भाजलेल्या विटा वाहून वाकडी झालेली तिची बोटं पाहिली, आणि पेला तोंडाला लावला. सगळा प्याल्या.

“आलं घातलंय?”

“थोडं. खोकल्याला बरं.”

“माझ्या सासूबाई पुदिनाही घालायच्या,” त्या म्हणाल्या, आणि मग दोघी खोकल्यावर, नागलीच्या पिकावर, गुडघ्यांवर बोलत राहिल्या. निघताना त्या रविनापाशी थांबल्या. मुलाबद्दल सांगितलं की तो तिकडे एकटा असतो, वेळेवर जेवत नाही, आईचं ऐकत नाही. “तू विचारत जा त्याला,” एवढंच म्हणून त्या जीपमध्ये बसल्या.

रोहिदास मागे राहिला. उन्हं कलली होती. दोघं घरांच्या मागे, चराच्या काठानं चालत गेली. गवत पिवळं पडलं होतं, दरीतून थंड वारा येत होता. तो दोनदा बोलायला लागला आणि दोनदा थांबला.

“रविना... मला एक सांगायचं होतं. ऑगस्टपासूनच.”

“मग सांगा की.”

“तुम्ही — म्हणजे तू — मला...” तो अडला, स्वतःवरच चिडला आणि एका दमात म्हणाला, “मला तुझ्याशिवाय करमत नाही. आठवडाभर मी रविवारची वाट बघतो. बस्स, एवढंच.”

ती गवताची एक काडी तोडून बोटाला गुंडाळत राहिली.

“रामीच्या घराची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे?”

त्यानं खिशातून काढून दाखवली. म्हणाला, सोडवत नाही, म्हणून ठेवलीय.

“ती परत देऊन टाका.”

त्याचा चेहरा उतरला. किल्लीकडे बघत तो हळूच म्हणाला, “म्हणजे... मी येऊ नको?”

“तसं कुठं म्हटलं?” ती वळली आणि घराकडे चालू लागली. दोन पावलं गेल्यावर मागे न बघताच म्हणाली, “पुढच्या पावसाळ्यात आपल्याला दोन घरं कशाला लागतात?”

त्याला कळायला जरा वेळ लागला. तोवर ती कोपऱ्यावरून वळली होती, आणि आत येसूला सांगत होती की पातेल्यात अजून एक मूठ तांदूळ टाक, हे जेवून जाणार आहेत.